एसटीपी आधी चालवायला घ्या, मग भांडा

नव्या सोसायटीची पहिली वार्षिक सभा पार्किंगवरून पेटते, दुसरी मेंटेनन्सवरून आणि तिसरी एसटीपीवरून. वाकड असो, वाघोली असो की कल्याणपलीकडचं एखादं मोठं संकुल, वाद तोच: बिल्डरनं बांधलेला एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, सोसायटीनं ताब्यात घ्यायचा की नाही? तळघरात वास मारतोय, फ्लशला पिवळं पाणी येतंय, मागच्या ओढ्यात फेस दिसतोय. बिल्डर म्हणतो, मी केव्हाच दिला. कमिटी म्हणते, आम्ही घेतलाच नाही. मग सभेतला एखादा जाणकार उठून सांगतो, "सही करू नका. एकदा सही केली की लोढणं आपल्या गळ्यात." माना डोलतात आणि विषय तहकूब होतो.

हा सल्ला मला अजिबात पटत नाही. एसटीपी मोडका असेल तर मोडका, पण त्यातल्या दोषांची रीतसर लेखी नोंद करून घरमालकांनी तो चालवायला घ्यावा, वर्गणी काढून नीट करावा आणि बिल्डरशी आणि महापालिकेशी जे भांडायचं ते तो चालू ठेवून भांडावं. यात अन्याय आहे, हे मान्य. ज्याचे पैसे फ्लॅटच्या किमतीत एकदा मोजले, त्याच्यासाठी पुन्हा खिशात हात घालायचा ही कुणालाही झोंबणारी गोष्ट आहे. पण वाद मिटेपर्यंत फ्लश करणं काही कुणी थांबवत नाही, आणि ते पाणी कुठेतरी जातंच.

मुळात हे प्रकल्प सोसायट्यांच्या तळघरात आले कसे? केंद्राच्या १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असलेल्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते, आणि मंजुरीच्या अटींमध्ये स्वतःचा एसटीपी असतो. जिथं मैलापाणी तयार होतं तिथंच ते शुद्ध करा, फ्लशला आणि बागेला वापरा, शहराच्या पाण्यावरचा ताण कमी करा, हा त्यामागचा विचार चांगलाच आहे. प्रत्यक्षात मात्र या अटीनं शहरांना एक पळवाट मिळाली. मैलावाहिनी नाही? हरकत नाही, बिल्डर एसटीपी बांधणार आहे, द्या परवानगी. पुणे महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. बहुतेक ठिकाणी टोलेजंग इमारती आधीच उभ्या होत्या, ड्रेनेज लाइन मात्र नव्हती. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानी कर्जातून ११ केंद्रं बांधायचं २०१६ मध्येच ठरलं, पण कामं जमिनीवर दिसायलाच बरीच वर्षं गेली. दरम्यानच्या काळात प्रत्येक सोसायटी ही एक छोटी नगरपालिका झाली. तिचा नगराध्यक्ष निवृत्त बँक अधिकारी, आणि मुख्याधिकारी रात्रपाळी करून आलेला आयटीतला मुलगा. पगार दोघांनाही नाही.

म्हणून "आम्ही मिळकतकर भरतो, मैलापाणी हे महापालिकेचं काम" असं म्हणणाऱ्यांशी माझं तत्त्वतः भांडण नाही. पण त्या तत्त्वाची किंमत कोण मोजतं हेही पाहायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशयाचं बोट दूषित पाण्याकडे गेलं. तो उद्रेक कुठल्या सोसायटीच्या एसटीपीमुळे झाला असं मी म्हणत नाही. पण पिण्याचं पाणी आणि मैलापाणी यांच्यातलं अंतर आपल्या उपनगरांत किती थोडं उरलंय, ते त्या महिन्यात सगळ्यांना दिसलं. विहिरी, बोअर आणि ओढे याच गावांत आहेत आणि टँकरही इथूनच भरतात.

आता थोडा हिशेब करू. दोनशे फ्लॅटची सोसायटी धरा, घरात सरासरी चार माणसं. माणशी रोजचं १३५ लिटर पाणी हे आपल्याकडचं नियोजनाचं माप. म्हणजे दिवसाला १,०८,००० लिटर. त्यातलं ८० टक्के सांडपाणी होतं असं धरतात, म्हणजे सुमारे ८६,००० लिटर. त्या १३५ लिटरमध्ये ४५ लिटर नुसते फ्लशचे धरलेले असतात, म्हणजे रोज ३६,००० लिटर. दहा हजारी टँकरचे साडेतीन झाले. एसटीपी बंद पडला की हे साडेतीन टँकर उन्हाळ्यात विकत घ्यावे लागतात. एसटीपीवर खर्च नको म्हणणारी कमिटी टँकरचं बिल मात्र मुकाट्यानं मंजूर करते, कारण ते वेगळ्या रकान्यात असतं.

प्रकल्प बंद का पडतात, याची कारणं बहुतेक ठिकाणी सारखी आहेत, आणि त्यातली निम्मी बिल्डरच्या नव्हे, रहिवाशांच्या हातातली आहेत. हे सभेत बोललं जात नाही म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एसटीपीत घाण खाण्याचं काम जिवाणू करतात. मैलापाणी जाळीतून गाळून आधी एका साठवण टाकीत येतं. तिथून हवेच्या टाकीत जातं. तिथं ब्लोअर चोवीस तास हवा फुंकतो आणि त्या हवेवर जगणारे जिवाणू पाण्यातली सेंद्रिय घाण खातात. मग गाळ खाली बसतो, त्यातला काही परत हवेच्या टाकीत जातो, वरचं पाणी वाळूच्या आणि कोळशाच्या फिल्टरमधून जातं, शेवटी क्लोरीन. कच्च्या मैलापाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, लिटरला साधारण २०० ते ३०० मिलीग्रॅम असतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अलीकडच्या संमतिपत्रांत तो बहुधा १० वर आणायला सांगितलेला असतो. एवढी मजल मारायची तर ते जिवाणू जिवंत, खाऊन-पिऊन धट्टेकट्टे असावे लागतात. एसटीपीला नुसतं यंत्र समजणारे इथंच फसतात. तो गोठा आहे. दिवाळीला गावी जाताना गोठ्याला कुलूप घालून जाता येत नाही.

आणि आपण नेमकं तेच करतो. वीजबिल वाढलं की पहिली कुऱ्हाड ब्लोअरवर. रात्री आठ तास बंद ठेवा, असा तोंडी हुकूम ऑपरेटरला मिळतो. साडेसात हॉर्सपॉवरचा ब्लोअर आठ तास बंद ठेवला तर सुमारे ४५ युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तर दिवसाला साडेचारशे, आणि दोनशे घरांत वाटले तर महिन्याला घरटी ६७ रुपये. एवढ्यासाठी आपण रोज रात्री त्या टाकीतले जिवाणू गुदमरवतो. ऑक्सिजन संपला की टाकीतलं पाणी तपकिरीचं काळं होतं, सडक्या अंड्यांचा वास सुटतो, आणि सकाळी तेच पाणी फ्लशला चढतं. मग रहिवासी ओरडतात, कमिटी फ्लशच्या टाकीत टँकरचं पाणी सोडते, आणि शुद्ध न झालेलं मैलापाणी एका व्हॉल्व्हमधून गुपचूप पावसाळी गटारात जातं. तो व्हॉल्व्ह कुठे आहे, हे चेअरमनला माहीत नसेल एकवेळ, ऑपरेटरला पक्कं माहीत असतं.

बिल्डरची चूक यात नाही असं नाही. प्रकल्प पूर्ण वस्तीच्या हिशेबानं बांधलेला, आणि पहिली दोन वर्षं राहायला आलेली असतात चाळीस घरं. जिवाणूंना पुरेसं खाणंच मिळत नाही. टप्प्याटप्प्यानं चालेल अशी रचना करणं शक्य असतं, पण ते कोण करतो? ब्लोअर एकच, जोडीला पर्यायी नाही. तळघरातून हवा बाहेर काढायला पंखा नाही. गाळ काढायची सोय कागदावर. हे दोष खरे आहेत आणि त्यांचा जाब मागितलाच पाहिजे.

पण सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, कानातल्या काड्या कमोडमध्ये बिल्डर टाकत नाही. संडास चकचकीत करायला आठवड्याला बाटलीभर ॲसिड ओतणारेही आपणच. ते ॲसिड आणि ब्लीच थेट हवेच्या टाकीत पोचतं. स्वयंपाकघरातलं तळणीचं तेल सिंकमध्ये ओतलं की त्याचा थर पंपावर आणि वाळूच्या फिल्टरवर बसतो. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वासाची तक्रार करणारा आणि तेल ओतणारा माणूस पुष्कळदा एकच असतो.

म्हणून मी म्हणतो, प्रकल्प आपल्या हातात घ्या. आपल्या हातात आल्याशिवाय ब्लोअर किती वेळ चालतो हे कळत नाही, ऑपरेटर कुणाचा हुकूम मानतो हे ठरत नाही आणि रहिवाशांना शिस्त लावायचा नैतिक अधिकारही मिळत नाही.

कायद्याची भीती घालणाऱ्यांचं काय? त्यांचा मुद्दा असा, की ताबा घेतला की बिल्डर हात झटकतो. पण रेरा, म्हणजे बांधकाम व्यवसायाचं नियमन करणाऱ्या २०१६ च्या कायद्यातल्या कलम १४(३) मध्ये बांधकामातल्या आणि सेवा-सुविधांमधल्या दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं बिल्डरवर आहे. दोष कळवल्यावर ३० दिवसांत त्यानं तो विनामोबदला दुरुस्त करायचा आहे, नाही केला तर भरपाई. म्हणजे घरांचा ताबा घेतलेला आहे असं गृहीत धरूनच हा हक्क दिलेला आहे. सोसायटीनं एसटीपीच्या कागदावर सही न केल्यानं ही पाच वर्षं थांबून राहत नाहीत. भांडणात तीन वर्षं गेली तर ती आपलीच गेली. बिल्डरचा खरा बचाव वेगळाच असतो: "तुम्ही नीट चालवला नाही म्हणून बिघडला." आणि ज्या प्रकल्पाला कुणीच वाली नव्हता, ज्याची एकही नोंद नाही, त्याच्या बाबतीत हा बचाव खोडून काढणं अवघड जातं.

त्यामुळे ताबा घेताना नुसती सही करू नका. आधी बाहेरचा पर्यावरण अभियंता आणा, बिल्डरच्या माणसासमोर पाहणी करा, प्रत्येक पंप-मोटरचा फोटो काढा, पाण्याचे नमुने मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा, आणि "खालील दोषांसह, हक्क राखून" असं लिहून ताबा घ्या. दोषांची नोटीस त्याच आठवड्यात रजिस्टर्ड पोस्टानं. मंजूर नकाशे, हमीपत्रं, मंडळाची संमतिपत्रं मागून घ्या. संमती अजून बिल्डरच्या नावावर असेल, बहुधा असतेच, तर ती सोसायटीच्या नावावर करण्याचा अर्ज द्या. नाहीतर दोष कुणाचाही असो, नोटीस कुणाच्या नावानं येणार यावरच सहा महिने जातात. वकिलाचा सल्ला घ्याच, पण वकील हवेच्या टाकीत डोकावत नाही हे लक्षात ठेवा.

पैशाचा मुद्दा खरा अवघड. समजा दुरुस्तीचा अंदाज बारा लाख आला. घरटी सहा हजार. रक्कम फार मोठी नाही, पण यावरून सोसायट्या दुभंगतात. फ्लॅट बंद असलेला म्हणतो, मी फ्लश करत नाही. तळमजल्याचा दुकानदार म्हणतो, माझं एकच बेसिन. दुबईत राहणारा मालक म्हणतो, भाडेकरूकडून घ्या. मोठ्या फ्लॅटवाल्याला घरटी सारखी वर्गणी हवी, छोट्याला चौरस फुटावर.

माझं मत स्पष्ट आहे: चालवण्याचा खर्च घरटी सारखा. ब्लोअरला दोनशे घरांची टाकी ढवळायची असते. तुमचा फ्लॅट बंद आहे म्हणून तो कमी वीज खात नाही. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नियमावलीत, लिफ्टचा खर्चही वापर न पाहता सगळ्या सभासदांवर सारखाच टाकलेला आहे. पहिल्या मजल्यावरचा माणूस कुरकुरतो, पण भरतो. (पुण्यात बऱ्याच ठिकाणी सोसायटी नसून १९७० च्या कायद्याखालचं अपार्टमेंट असतं. तिथं घोषणापत्रातल्या हिश्शाप्रमाणे जावं लागेल, ते आधी वाचा.) दुरुस्तीच्या मोठ्या खर्चासाठी उपविधींनी सोय केलेलीच आहे: बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरसाल दुरुस्ती निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी. फ्लॅटचा बांधकाम खर्च वीस लाख धरला तर दुरुस्ती निधीचेच वर्षाला १५,००० होतात. दोनशे घरांचे तीस लाख. बारा लाखांसाठी सभेत आरडाओरडा करणाऱ्या सोसायट्यांनी हा निधी नियमाप्रमाणे गोळा केलेलाच नसतो, कारण मेंटेनन्स कमी ठेवणारी कमिटी निवडून येते.

आणि ज्या गोष्टीवर तडजोड नको ती ही: टाकीत माणूस उतरवायचा नाही. २०१३ च्या हातानं मैला साफ करण्यावरील बंदीच्या कायद्यानं गटार किंवा सेप्टिक टाकीच्या धोकादायक सफाईला कुणालाही प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे लावायला मनाई केली आहे. "ठेकेदाराचा माणूस होता" ही ढाल त्या "अप्रत्यक्ष" या शब्दानं काढून घेतली. तरीही डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका सोसायटीच्या सेप्टिक टाकीत तीन कामगारांचा जीव गेला. त्यांच्या विधवांना दहा-दहा लाख मिळण्यासाठी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. ऑक्टोबर २०२२ मध्ये वाघोलीतल्या एका निवासी संकुलातही सांडपाण्याच्या टाकीत उतरलेले कामगार गुदमरून मेले. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूंची भरपाई तीस लाखांवर नेली. रकमेचं सोडा. बंद पडलेला, हवा नसलेला एसटीपी म्हणजे हायड्रोजन सल्फाइड साठलेली खोली. ब्लोअर बंद ठेवून वाचवलेले ६७ रुपये आणि टाकीत उतरवलेला मजूर यांचा संबंध इतका सरळ आहे. ज्या कमिटीनं "ताबा आमचा नाही" म्हणून तीन वर्षं गाळ काढला नाही, तिला तो शेवटी कुणाकडून तरी काढूनच घ्यावा लागतो. आणि तो "कुणीतरी" सोसायटीचा सभासद कधीच नसतो. सक्शन टँकर वेळेवर बोलावणं हाच यावरचा उपाय, आणि त्याला खर्च येतो.

मोठ्या संकुलांत आणखी एक पेच असतो. एसटीपी एक, आणि इमारतींच्या सोसायट्या चार. ए-बी इमारतींची सोसायटी आधी झाली, सी-डीची नंतर, आणि प्रकल्प सी इमारतीखाली. प्रत्येक कमिटीला वाटतं आपण जास्त भरतोय. इथं चारही सोसायट्यांचं फेडरेशन, म्हणजे एकत्रित संघ, होईपर्यंत थांबू नये. चारही सोसायट्यांनी साधा लेखी करार करावा, एक संयुक्त खातं, वेगवेगळ्या सोसायट्यांच्या दोघांच्या सह्या, घरटी वाटणी, आणि महिन्याचा जमाखर्च चारही नोटीस बोर्डांवर. शेजारच्या स्वतंत्र सोसायट्यांनीसुद्धा मिळून एक चांगला पगारी अभियंता नेमावा. आज प्रत्येकजण सर्वांत कमी दराची निविदा घेतो आणि मग बागेला पाणी घालणारा मुलगाच एसटीपीचा ऑपरेटर होतो. हवेच्या टाकीतलं लिटरभर पाणी काचेच्या नळकांड्यात घेऊन अर्धा तास ठेवायचं आणि गाळ किती बसला, वरचं पाणी नितळ आहे का ते पाहायचं, एवढीही तपासणी त्याला कुणी शिकवलेली नसते. ती कमिटीतल्या कुणालाही दर रविवारी करता येईल.

महापालिकांनाही मोकळं सोडता येत नाही. एसटीपी बंद असेल तर नळजोड तोडू, अशा नोटिसा पिंपरी-चिंचवड महापालिकेनं सोसायट्यांना काढल्या. धाक हवा हे खरं, पण पाणी तोडलं तर टँकर येतो आणि मैलापाणी तेवढंच राहतं. शिवाय उत्तम चालणाऱ्या एसटीपीपुढेही एक प्रश्न उरतोच. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतिपत्रात बहुधा लिहिलेलं असतं, की ६० टक्के पाणी पुन्हा वापरा आणि उरलेलं स्थानिक संस्थेच्या मैलावाहिनीत सोडा. वरच्या उदाहरणात उरतात रोजचे सुमारे ३४,००० लिटर, पावसाळ्यात बागेला पाणी लागत नाही तेव्हा त्याहून जास्त. आणि मैलावाहिनी? ती तर रस्त्यावर आलेलीच नाही. म्हणजे सोसायटीनं सगळं नीट केलं तरी अट पूर्ण होत नाही, कारण तिचा अर्धा भाग महापालिकेनं पूर्ण करायचा आहे. समोरच्या प्लॉटवरच्या बांधकामाला मात्र पाण्यासाठी टँकर लागतात. बांधकामाला प्रक्रिया केलेलं पाणीच वापरा, असं पुणे महापालिका सांगते. मग सोसायट्यांचं शुद्ध केलेलं पाणी तिथं नेण्याची रीतसर व्यवस्था तिनंच लावून द्यायला हवी.

ही मागणी बंद एसटीपीच्या सोसायटीनं केली तर तिला उलट नोटीस मिळेल. चालू एसटीपीची सोसायटी ती करू शकते. बारा महिन्यांचे प्रयोगशाळेचे अहवाल, ब्लोअरच्या तासांची आणि बाहेर पडलेल्या पाण्याच्या मीटरची नोंदवही, आणि संमतिपत्रातली ती मैलावाहिनीची अट अधोरेखित करून जोडा. पत्र मलनिःसारण विभागाला, प्रत मंडळाच्या उपप्रादेशिक अधिकाऱ्याला आणि नगरसेवकाला. एकट्यानं देऊ नका. त्याच रस्त्यावरच्या आणखी चार-पाच सोसायट्यांच्या सह्या आणि त्यांचेही अहवाल घेऊन जा.